नव्वद किलोंचा शिकंजा

"शिकंजा राहील," असं म्हणून हवालदाराने वहीतल्या त्या शब्दावर आडवी रेघ मारली.

काचेचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळत बसलेल्या त्याच्या बायकोने मान वर केली. "राहील म्हणजे? कुठे राहील?"

"इथेच. आपल्याला मर्यादा दीड हजार किलोची. घरातलं सगळं मिळून भरतंय पंधराशे नव्वद. शिकंजा नव्वदचा. हिशेब सरळ आहे."

हिशेब सरळ असेलही, पण हा न्याय कुठला? शिकंजा म्हणजे बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र. वर फिरवायचं चाक, खाली जाडजूड पाट. नऊ वर्षं बायको त्यावर पुस्तकं बांधत होती आणि अख्ख्या लष्करी वसाहतीत तिला 'बाइंडरबाई' म्हणूनच ओळखत. नवऱ्याची बदली झाली होती त्या गावच्या कॉलेजने दोन महिन्यांच्या पत्रापत्रीनंतर तिला सहाशे फाटकी पुस्तकं द्यायचं कबूल केलं होतं. एवढं मोठं काम तिला जन्मात पहिल्यांदा मिळत होतं. शिकंज्याशिवाय ते होणार नव्हतं, आणि असा शिकंजा आता नवा कोणी बनवतही नाही.

ही चौथी बदली. पहिल्या बदलीत तिचं शिवणाचं टेबल राहिलं, दुसऱ्या बदलीत पुस्तकांचं कपाट, तिसऱ्या बदलीत एकोणीस कुंड्या. हवालदाराची जुन्या बुटांची पेटी मात्र चारही वेळा यादीत पहिली. याला काय म्हणावं?

यंदा लष्कराने नवी सवलत दिली होती. गाडी आपली आपण ठरवायची, सामान आपलं आपण भरायचं, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या वजनाच्या चिठ्ठ्या आणून दाखवायच्या. त्याआधी घरातल्या सामानाचा अंदाज एका छापील कागदावर लिहून द्यायचा. सामान मर्यादेबाहेर गेलं तर जास्तीचं तिथेच उतरवायचं.

अंदाज म्हटल्यावर हवालदाराच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. एकोणीस वर्षं तो लष्कराच्या कोठाराचा भांडारी होता. पेटीकडे नुसतं बघून तो वजन सांगे आणि तेच वहीत चढे. एकोणीस वर्षांत त्याचा अंदाज एकदाही चुकला नव्हता, कारण त्याच्यानंतर कोणी वजन केलंच नव्हतं.

"नुसतं बघून लिहिता?" बायको म्हणाली. "घरात काटा आहे ना माणसं मोजायचा. आणा इकडे."

मग तिने पदर खोचला. एकेक खोकं उचलून ती काट्यावर उभी राहायची आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करायची. स्वतःचा आकडा तिने कोणाला सांगितला नाही. वजाबाकी भिंतीकडे तोंड करून व्हायची. भांड्यांचं खोकं हवालदाराने चाळीसचं लिहिलं होतं, ते निघालं सव्वीसचं. अंथरुणांचं गाठोडं तीसचं, ते भरलं सतरा. अकरा वस्तू झाल्या तेव्हा त्याच्या यादीतले एकशे दोन किलो हवेत विरून गेले होते.

"हे बघा," ती धापा टाकत म्हणाली, "माझा शिकंजा बसला की नाही? वर बारा किलो उरले!"

"काटा बिघडलाय," हवालदार म्हणाला.

"कशावरून?"

सिद्ध करायला तो स्वतः काट्यावर चढला. काट्याने चौऱ्याऐंशी दाखवले. "बघ! माझं वजन बहात्तर आहे. भरती झालो तेव्हापासून बहात्तर. कागदावर आहे. म्हणजे काटा बारा किलो जास्त दाखवतो."

"अहो, जास्त दाखवत असेल तर सामान आणखी हलकं नाही का झालं?"

हवालदार काट्यावरून खाली उतरला आणि म्हणाला, "नादुरुस्त काट्यावर मी चर्चा करत नाही."

खाटेवरून हे सगळं ऐकणारी त्याची आई म्हणाली, "अरे, लहानपणीही तू असाच. पाटी फुटली की म्हणायचास, फरशी वाकडी आहे."

"आई, तू यात पडू नकोस."

"मी कशाला पडू? माझंही वजन लिहिलं असशील त्या वहीत."

तिसऱ्या दिवशी त्याने अंदाजपत्रक कचेरीत नेऊन दिलं. तिथला कारकून कागदाला इतका चिकटलेला, की सगळे त्याला 'टाचणी' म्हणत. टाचणीने सही केली, शिक्का मारला आणि सहज विचारलं, "शिकंजा इथेच ठेवताय? मग मला द्या. माझ्या फायली ओल धरून फुगल्यात, कपाटाचं दार लागत नाही."

आणि हवालदाराने हो म्हटलं. बायकोला न विचारता, तिची नऊ वर्षांची वस्तू, फायली दाबायला! दुसऱ्या दिवशी चार जवान ती न्यायला आले, तेव्हा बायको शिकंज्यावर बसून होती.

"वहिनी, उठा ना," जवान अवघडून म्हणाले.

"मला धरून उचला. लिहून घ्या, साठ किलो जास्त."

शेवटी ती उठली, पण ते जवानांकडे बघून. ते बिचारे हुकमाचे ताबेदार. त्यांनी शिकंजा फाटकाबाहेर नेईपर्यंत ती दारात उभी होती. राग तर तिला आलाच होता, पण त्याहून जास्त रडू येत होतं, आणि ते नवऱ्यासमोर यायला नको म्हणून ती आत जाऊन पेले गुंडाळत बसली. चार दिवस ती हवालदाराशी बोलली नाही. जे सांगायचं ते सासूबाईंमार्फत. "आई, त्यांना सांगा, दूध उतू गेलंय." हवालदार शेजारीच उभा असायचा.

निघायच्या दिवशी सकाळी रिकाम्या गाडीचं वजन झालं, मग सामान भरलं आणि गाडी पुन्हा मोठ्या काट्यावर आली. नियम होता की गाडीत माणूस नको. आईला गाडीतून उतरवून रस्त्याकडेला खुर्चीवर बसवावं लागलं.

"निव्वळ सामान तेराशे दहा," काटेवाला खिडकीतून ओरडला. "मर्यादा किती साहेब? दीड हजार? अहो, मग अजून एकशे नव्वद किलो नेता आलं असतं!"

बायकोने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं काटेवाल्यालासुद्धा झोंबलं, कारण तो चहाचा पेला घेऊन आत सरकला.

"काटा बिघडलाय," हवालदार म्हणाला.

काटेवाला ताडकन बाहेर आला. "तोंड सांभाळून बोला. गेल्या महिन्यात तपासणी होऊन शिक्का बसलाय. पंचवीस वर्षं इथे बसतोय मी!"

"मी एकोणीस वर्षं कोठारात आहे! हे सामान पंधराशेच्या खाली असूच शकत नाही."

चार दिवसांनी बायकोने तोंड उघडलं. "एवढी खात्री आहे, तर ज्याचं वजन तुम्हाला पक्कं माहीत आहे असं काहीतरी चढवा. काटा तेवढाच वाढला तर काटा खरा. नाही वाढला तर तुम्ही खरे."

हवालदाराचे डोळे चमकले. "शिकंजा! नव्वद म्हणजे नव्वद. आत्ता आणतो."

"राहू दे हो. दिलेली वस्तू कशी परत मागणार?" ती हळूच म्हणाली.

एवढं म्हटल्यावर तो थांबतो कसला! अर्ध्या तासात तो कचेरीत पोचला. टाचणी फायलींवरचं चाक आवळत होता. "परत मागताय?" तो कळवळला.

"मागत नाही. मोजायला नेतोय. मोजून झालं की परत."

टाचणीचा विश्वास बसेना, म्हणून तो स्वतः शिकंज्यासोबत आला. चार हमालांनी दातओठ खात शिकंजा गाडीत चढवला. हवालदार वही घेऊन बाजूला उभा होता. काटेवाल्याने कळ दाबली, चिठ्ठी करकरत बाहेर आली.

"चौदाशे पन्नास."

"म्हणजे शिकंजा एकशे चाळीसचा?" हवालदार गरजला. "बघा! आता तरी पटलं ना काटा बिघडलाय ते? उतरवा शिकंजा. ती आधीची चिठ्ठी द्या मला."

"आधीची रद्द झाली. शेवटची चिठ्ठी तीच खरी."

"मग पुन्हा मोजा."

"मोजतो की. पण एका फेरीत भरल्या गाडीची दोनच वजनं. नवी फेरी हवी तर पुन्हा रिकाम्या गाडीपासून सुरुवात."

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. दोरखंड बांधून झाले होते, कपाटांवर खाटा चढल्या होत्या. हमाल एकेक करून खाली बसले. रस्त्याकडेच्या खुर्चीवरून आई म्हणाली, "माझ्या देखत ते सामान पुन्हा उतरवलंत तर मी इथेच राहीन."

"तसंच उतरवा शिकंजा," हवालदार म्हणाला. "चिठ्ठी काही का म्हणेना!"

आणि टाचणी एकदम पुढे झाला. "असं कसं? चिठ्ठीवर चौदाशे पन्नास आणि गाडीत तेराशे दहा? तिकडे उतरवताना विचारतील, एकशे चाळीस किलो गेलं कुठे? सामान गहाळ! चौकशी लागेल. अंदाजपत्रकावर सही माझी आहे!" फुगलेल्या फायली त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या असाव्यात, पण त्याने उसासा टाकला. "कागदावर आहे ते गाडीत असलंच पाहिजे. शिकंजा जाईल."

हवालदाराने हमालांना हाताने थांबवलं. एकोणीस वर्षं त्यानेही हेच सगळ्यांना सुनावलं होतं.

आईला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, गाडी सुरू झाली. बायको मागे हात करून शिकंज्याच्या चाकाला दोरी पक्की बांधत होती. हवालदार कितीतरी वेळ वहीकडे बघत बसला. मग न राहवून म्हणाला, "बाकी सगळं जास्त लिहिलं गेलं, ते समजू शकतो. पण नव्वदचा शिकंजा एकशे चाळीस कसा भरला?"

"नऊ वर्षं घरात होता," ती दोरीची गाठ आवळत म्हणाली. "एकदा तरी उचलून बघितलात?"

हवालदाराने मागे वळून शिकंज्याकडे पाहिलं.

"तिकडे पोचल्यावर एक बाजू तुम्ही धरा."

"धरतो," हवालदार म्हणाला आणि त्याने वही मिटली.