वडील, वय वर्षे एकेचाळीस

मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. घराणेशाहीचा! बाप अध्यक्ष, पोरगी खजिनदार, मेव्हणा सचिव, असली संस्था दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि असल्या संस्था हुडकून काढण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. हे मी नाही म्हणत. म्हणजे मीच म्हणतो, पण खरं आहे!

आमचं ऑफिस देशोदेशी मदत पाठवणाऱ्या संस्थांना गुण देतं. पैसा येतो कुठून, जातो कुठे, चुकलं तर जबाब कोण देतं, सगळं तपासायचं. आमचा शेरा वाचूनच मोठे देणगीदार पैसे सोडतात. ओळखीचं नाव बघून कुणी झुकतं माप देऊ नये म्हणून फाइलमधली नावं आधी काळ्या शाईनं झाकतात. माणसांची आणि संस्थेचीसुद्धा! मग फाइल भाषांतर विभागात जाते आणि मराठीत होऊन माझ्या टेबलावर येते. इतकं चोख काम आहे आमचं.

सोमवारी संस्था क्रमांक सतरा आली. भूकंपात डोंगरातल्या विहिरी बुजल्या होत्या, तिथे ही संस्था पाणी गाळायची यंत्रं पाठवणार होती. यंत्रं गाड्यांत चढवलेली, गाड्या गोदामाच्या दारात, देणगीदार फक्त माझ्या शेऱ्यासाठी थांबलेला. मी पहिलं पान उघडलं आणि उडालोच.

"अध्यक्ष, वडील! खजिनदार, बहीण! सचिव, भाऊ! विहिरींचं काम, दुसरी बहीण! अहो, हे मंडळ आहे का घरचं हळदीकुंकू?"

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनांनी मान वर केली. त्यांना आम्ही 'जराथांबा' म्हणतो, कारण ते दुसरं काही बोलतच नाहीत.

"जरा थांबा," ते म्हणाले.

"काय थांबा? पुढे ऐका! देखरेख करणार कोण, तर वरिष्ठ आई. आणि तिच्यावर कोण, तर सर्वसाधारण आई! म्हणजे या गृहस्थाला बायका दोन! एक वरिष्ठ आणि एक सर्वसाधारण! आईला सर्वसाधारण म्हणताना यांची जीभ कशी झडली नाही?"

"जरा थांबा, यात काहीतरी..."

"वयं बघा! वडील, वय वर्षे एकेचाळीस. बहीण, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर! पोरगी बापापेक्षा सदतीस वर्षांनी मोठी! अहो, खोटं बोलायचं तर बेरीज-वजाबाकी तरी शिकून या!"

माझा पारा पानागणिक चढत होता. बहिणी एकूण चौदा. चौदाही अविवाहित, चौदाही एकाच घरात. पगार प्रत्येकीचा शून्य! बावीस वर्षांत मी शून्य पगारावर काम करणारा माणूस पाहिलेला नाही. पगार शून्य म्हणजे वरकमाई किती असेल! त्यातून गावकऱ्यांच्या तक्रारी तीनशे बारा, आणि त्याही यांनीच वहीत लिहून ठेवलेल्या! निर्लज्जपणाला काही सीमा?

मी लाल पेन घेतलं. 'ही संस्था नसून कुटुंब आहे. अध्यक्षाला बायका दोन. गुण शून्य. मदत थांबवावी.' आणि साहेबांची सही होईपर्यंतसुद्धा दम न धरता मी ते थेट देणगीदाराला धाडून दिलं. मंगळवार, बुधवार मी छाती काढून फिरलो.

गुरुवारी सकाळी दार धाडकन उघडलं. करडा झगा, डोक्याला पांढरं वस्त्र, गळ्यात क्रूस, हातात काठी. माझं टेबल शोधून म्हातारबाई समोर उभ्या राहिल्या.

"शून्य देणारे तुम्हीच का?"

"आपण कोण?"

"मी बहीण!"

"कुणाची?"

"सगळ्यांची!" त्यांनी काठी आपटली. माझ्या कपातला चहा बशीत आला. "सिस्टर हो, सिस्टर! कॅथलिक संस्था आहे आमची! फादर म्हणजे धर्मगुरू! मदर सुपीरियर म्हणजे मठाच्या प्रमुख, आणि मदर जनरल म्हणजे आमच्या साऱ्या मठांच्या प्रमुख! तुम्ही आमच्या फादरना दोन बायका लिहिल्यात!"

मी फाइलचं पान उलटलं. "पगार शून्य..."

"घेत नाही आम्ही! व्रत आहे आमचं!"

"तीनशे बारा तक्रारी..."

"आम्ही विचारलं म्हणून आल्या! प्रत्येकीपुढे उत्तर लिहिलंय. वाचलंत? तुमच्याकडे तक्रारवही आहे? आणा, मला लिहायचंय!"

आमच्याकडे तक्रारवही नव्हती. जराथांबांनी मला आधीच्या वर्षाच्या डायरीची कोरी पानं दाखवली. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

सिस्टरांचा आवाज एकदम खाली आला. त्याची मला जास्त भीती वाटली. "तीन दिवस गाड्या गोदामात उभ्या आहेत. तीन दिवस तिथली पोरं डबक्यातलं पाणी पितायत. काल सव्वीस जणांना जुलाब लागले. त्यातली चार पोरं पाच वर्षांच्या आतली. हे कुणाच्या खात्यात लिहू?"

मी फोन उचलला, देणगीदाराला म्हटलं, चूक माझी, सगळी माझी, गाड्या सोडा. पलीकडून जे ऐकवलं गेलं ते सांगण्यासारखं नाही. पण अर्ध्या तासात गाड्या निघाल्याचा निरोप आला, तेव्हा कुठे सिस्टर खुर्चीत बसल्या.

"हे मराठी कुणी केलं?" त्यांनी फाइल पुढे सरकवली.

"भाषांतर विभागानं."

"आणि हे असले शेरे तपासतं कोण?"

"साहेब."

"साहेब तुमचे कोण?"

"साहेब म्हणजे... साहेब."

"जरा थांबा," कारकून म्हणाले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी वाक्य पुरं केलं. "साहेब यांचे भाऊजी लागतात."

"अच्छा! आणि तुमच्या ऑफिसचे हिशेब?"

"ताई बघते," मी पुटपुटलो.

"आणि हा भाषांतर विभाग? त्यात कोण आहे?"

"आई."

"मदर सुपीरियर?"

"नाही हो. माझी. सख्खी."

सिस्टर उठल्या. मग माझंच लाल पेन उचलून डायरीच्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहिलं, 'ही संस्था नसून कुटुंब आहे.' खाली गुण घातले. किती, ते विचारू नका.

संध्याकाळी घरी गेलो तर आई शब्दकोश मांडीवर घेऊन वाटच बघत होती. डोळे नुसते चमकत होते.

"कसं झालं रे माझं काम? एक शब्द सोडला नाही हो मी!"

"नाही सोडलास, आई," मी म्हटलं.

"मग? पकडलास का त्या दोन बायकांच्या मेल्याला?"