चोवीस पानांची माफी

अपराध करणं सोपं असतं, तो एकट्यादुकट्यालाही जमतो. कबुलीला मात्र समिती लागते, अजेंडा लागतो आणि वेळेवर कॉफी लागते. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाच्या इतिहास विभागातल्या विद्यार्थ्यांना हे उपजतच ठाऊक. त्यामुळे युरोपच्या वसाहतींच्या इतिहासावर एक अंक काढायचा असं ठरताच त्यांनी अवघ्या तीन आठवड्यांत पहिल्या बैठकीची तारीख शोधून काढली. (सहा जणांच्या डायऱ्या इतक्या लवकर जुळणं हा त्या विभागातला विक्रम आहे.)

संपादक म्हणून फेन्नाची निवड सर्वानुमते झाली, कारण त्या दिवशी ती सर्दी होऊन घरी पडली होती. मुलगी मनाची चांगली. याबद्दल तिची स्वतःची तर पक्की खात्री होती.

संपादक होताच तिने एक शब्द देऊन टाकला. तिच्या वर्गात इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरून, म्हणजे ज्या जायफळापायी डच कंपनीने एके काळी अख्खी बेटं माणसांसकट रिकामी केली तिथून, एक मुलगी वर्षभरासाठी शिकायला आली होती. ती रोज आगगाडीने हेगच्या दफ्तरखान्यात जायची. तिथे कंपनीच्या कागदांत तिला जायफळाच्या एका बागेतल्या एकेचाळीस गुलामांची नावनिशी सापडली. त्यातली तीन नावं तिच्या घराण्यात अजून ठेवली जातात. त्यावर तिने आठ पानी लेख लिहिला.

"माझे बाबा म्हणतात, गोऱ्यांच्या कागदात आपली नावं असणं शक्यच नाही," ती हसून म्हणाली होती. "छापलेलं दाखव, मग मानतो म्हणाले. तीस जूनचं परतीचं विमान आहे माझं."

"अगं, अंकात आलंच म्हणून समज," फेन्ना म्हणाली. "शब्द देते तुला."

त्यानंतर अकरा बैठका झाल्या. एकंदर एकशे बत्तीस कप कॉफी आणि सहासष्ट बिस्किटं खर्ची पडली. (प्रत्येकी एक बिस्कीट, मग डब्याचं झाकण बंद. दुसऱ्याला हात घालण्याइतका निर्लज्ज माणूस संपादक मंडळात निघाला नाही.) निर्णय बहुमताने घेणं ही दडपशाही, म्हणून प्रत्येक मुद्द्यावर "सगळ्यांना चालतंय ना?" असं विचारलं जाई, आणि "चालतंय, पण..." असं उत्तर आलं की तो मुद्दा पुढच्या बैठकीत जाई.

अंकाचं नाव 'जायफळ' ठेवावं असं सुचलं. पण दुसऱ्याच्या जखमेचा मसाला करण्यासारखं ते झालं असतं. 'आवाज' म्हणावं, तर कुणाचा? शेवटी मुखपृष्ठ कोरं ठेवायचं ठरलं. कोरं म्हणजे पांढरं, हे चौथ्या बैठकीत सीत्सेच्या लक्षात आलं, तेव्हा ते करडं करण्यात आलं.

हा सीत्से मंडळातला सर्वांत जागरूक सदस्य. प्रत्येक संपादकाने आधी आपली स्वतःची जागा स्पष्ट करावी, ही त्याचीच सूचना. त्याप्रमाणे प्रत्येकाने आपापल्या घराण्याची पापं दोन-दोन पानांत मांडायची होती. सीत्सेला कंपनीतला एक कारकून पूर्वज मिळाला आणि मंडळात त्याचं वजन एकदम वाढलं. अंकाच्या पानांची जुळणी करणारी योरिन्दे मात्र रडकुंडीला आली. तिच्या घराण्यात तीनशे वर्षं सगळे चीजच करत आले होते. दोन आठवडे शोधल्यावर, एका पूर्वजाने बंदरावर जाऊन एकदा चीजचे बारा गोळे जहाजाला विकले होते असा पुरावा हाती आला. मंडळाने टाळ्या वाजवल्या. सीत्सेने तिला मिठी मारली.

अंक चोवीस पानांचा, कारण विभागाचं स्टेपलर त्यापुढे हात टेकतं. अकराव्या बैठकीत फेन्नाने हिशेब मांडला: मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ दोन, संपादकांची निवेदनं बारा, 'कोणते शब्द वापरले नाहीत आणि का' याला पाच, 'अंक कसा घडला' याला चार. उरलं एक.

"आणि लेख आठ पानांचा आहे," ती म्हणाली.

"थोडा कापता येईल का?" योरिन्देने विचारलं.

"आपण? तिचा लेख?" सीत्से ताडकन उठला. "चारशे वर्षं आपण दुसरं काय केलं? लेखाला कात्री लावायचा आपल्याला काडीचा हक्क नाही."

"मग आपापली निवेदनं जरा आटोपशीर केली तर?"

"म्हणजे माझ्या कारकून पूर्वजांना मी अर्ध्यावरच सोडून देऊ? इतके स्वस्तात सुटायचे ते?"

"निदान तिला विचारू तरी," फेन्ना म्हणाली.

"वा गं! म्हणजे आपलं ओझं तिच्या डोक्यावर!"

 सदर लेखाचा संपूर्ण आदर राखण्यासाठी तो अखंड वगळण्यात यावा, आणि उरलेल्या पानावर तशी मनापासून माफी मागावी, असा ठराव झाला. सगळ्यांना चालतंय ना?  फेन्नाने एक साधं 'नाही' म्हटलं असतं, तर काम झालं असतं. पण 'नाही' म्हटलं की बारावी बैठक, बारावी बैठक म्हणजे सप्टेंबर, आणि शिवाय हे सगळे आपल्याला काय म्हणतील?

"चालतंय," ती म्हणाली. 'पण'सुद्धा जोडला नाही तिने.

अठ्ठावीस जूनला तिने बांदाच्या मुलीच्या हातात अंक ठेवला. त्या मुलीने तो करड्या मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला, माफी वाचली, मग परत पहिल्यापासून चाळला.

"छपाई छान आहे," ती म्हणाली. "पण बाबांना यातलं काय दाखवू?"

फेन्ना हुंदके देऊन रडायला लागली. शेवटी त्या मुलीलाच तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणावं लागलं, "असू दे गं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस." (इतिवृत्तात याची नोंद 'फलदायी संवाद' अशी आहे.) त्या दिवशी फेन्नाला फार हलकं वाटलं, आणि तेवढ्यासाठी तिला स्वतःची थोडी लाजही वाटली. त्या लाजेवर ती पुढच्या अंकात दोन पानं लिहिणार आहे.

वाचकहो, या मंडळींना तुम्ही मनमुराद हसला असाल, आणि हसावं असेच ते आहेत. फेन्नाची सर्दी तुमच्या लक्षात आहे, सीत्सेचा कारकून लक्षात आहे, योरिन्देच्या चीजचे बारा गोळेसुद्धा आहेत. बांदाहून आलेल्या त्या मुलीलाही नाव होतं. मी ते सांगितलं नाही, आणि इथवर वाचत येताना तुम्हीही ते विचारलं नाहीत.