बाल्कनीतले सर

अकरा दिवसांनी ऊन पडलं आणि मी कपडे धुवायला काढले. माझं चुकलं ते एवढंच. पुढचं सगळं, म्हणजे आगीचा बंब, शिडी, स्ट्रेचर आणि सातवीच्या वर्गाने माझ्यासाठी माझ्याच सांगण्यावरून पाळलेलं मौन, हे आपोआप होत गेलं.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि एका संस्थेमार्फत वर्षभरासाठी परदेशातल्या एका लहानशा गावात गणित शिकवायला गेलो होतो. स्वयंसेवक म्हणून, म्हणजे बिनपगारी. ("फुकट शिकवायला इतक्या लांब कशाला? आपल्या गल्लीतली पोरं काय सगळी हुशार झाली?" या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.) मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, "थंडीची सवय आहे का?" मी छाती पुढे काढून "हो" म्हणालो होतो. माझ्या डोळ्यांपुढे फ्रीजचा वरचा कप्पा होता. त्या कप्प्यात राहायचं असतं, हे तिथे उतरल्यावर कळलं.

शाळेतले गणिताचे मूळ सर आजारी रजेवर होते. त्यांचा एक फोटो स्टाफरूममध्ये टांगलेला होता: साठीच्या घरातले, जाड भिवयांचे, बघूनच पाढे आठवावेत असे. त्यांच्या जागी मी. सातवीची मुलं माझ्या तासाला इतकी गप्प बसायची की मला भीती वाटायची. आपल्याकडे मास्तरांनी फळ्याकडे तोंड केलं की मागे खडूचे तुकडे उडतात, कोणी म्याँव करतं, वर्ग जिवंत असल्याची खात्री पटते. इथे तीन महिन्यांत कोणी साधा प्रश्न विचारला नव्हता. माझं त्यांच्या भाषेतलं बोलणं त्यांना कळत नसावं किंवा कळूनही वळत नसावं. शेवटी मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, मला म्हणाल्या, "सोमवारी मी तुमच्या तासाला बसते. मग बघू." परक्या भाषेतल्या या "बघू"चा अर्थ मला बरोबर कळला. माणसाला परत पाठवण्याआधी सगळ्या देशांत "बघू"च म्हणतात.

म्हणून रविवारी ठरवलं, सोमवारी निदान कपडे तरी स्वच्छ हवेत.

मी राहायचो एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर. नर्स म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या भाषेत आजीला जो शब्द आहे त्यानेच मी त्यांना हाक मारायचो, म्हणून इथेही आजीच म्हणतो. आजींचा नियम एकच: खोलीत ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, भिंतीला ओल धरते. आजी शुक्रवारपासून लेकीकडे गेल्या होत्या, सोमवारी दहाच्या बसने येणार होत्या. त्या नसताना नियम मोडायचा माझा धीर झाला नाही. (त्या असताना तर नव्हताच.)

मी आईला फोन केला.

"आई, बाल्कनीत वाळत घालू का? पण बाहेर उणे बारा आहे."

"ऊन आहे ना?"

"ऊन आहे, पण उणे..."

"उणे का अधिक ते तुझ्या शाळेत. ऊन आहे तर घाल वाळत. आणि माकडटोपी नुसती लटकवू नकोस, लोकर आक्रसते. गोल कशावर तरी चढवून ठेव."

आईचं ऐकावं असं सगळेच सांगतात. मी ऐकलं. बाल्कनीच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या उंचीवर दिव्याचा गोल काचेचा डोम होता. त्यावर माझी मरून माकडटोपी चढवली. दिव्याच्याच दांडीला हँगर अडकवून तपकिरी स्वेटर घातला. चुरगळू नये म्हणून स्वेटरच्या खालच्या काठाला चिमटे लावून त्याला करडी पँट लटकवली. बाह्यांना हातमोजे. चिखलाचे बूट धुतले होते, ते पँटच्या खाली ठेवले. जागा वाचवल्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटली आणि आत येऊन झोपलो.

संध्याकाळी उठून पाहतो तर पँटमधून गळलेलं पाणी दाराच्या फटीत गोठून दार पक्कं बसलेलं. ढकललं, ओढलं, चमचा घालून पाहिला. चमचा वाकला. काचेतून माझे कपडे दिसत होते, कडक इस्त्री केल्यासारखे. म्हटलं, असू दे, उद्या आजी आल्यावर त्याच काहीतरी करतील.

सोमवारी सकाळी मी दोन पायजम्यांवर एक पातळ सुती पँट चढवली, डोक्याला मफलर गुंडाळला आणि आजींच्या दिवंगत यजमानांचा ओव्हरकोट घातला. "लागला तर घालत जा," असं त्या कितीदा म्हणाल्या होत्या. यजमान सहा फुटांच्या वर असावेत. मी चालत होतो त्यापेक्षा कोट मला घेऊन चालला होता असं म्हणणं जास्त बरोबर.

आता समोरच्या घराबद्दल सांगायला हवं. तिथल्या खिडकीत एक निवृत्त आजोबा पक्षी बघायला दुर्बीण घेऊन बसायचे. हिवाळ्यात पक्षी नसल्यामुळे ते मला बघायचे. रोज साडेसातला मी तपकिरी स्वेटर, करडी पँट, मरून टोपी अशा थाटात बाहेर पडायचो आणि त्यांना हात करायचो, तेही करायचे. त्या सोमवारी त्यांनी साडेसातला एक अनोळखी कोट जाताना पाहिला. आणि मी? मी वर बाल्कनीत उभा होतो. त्यांनी हात केला. मी केला नाही. आठ वाजता पुन्हा केला. साडेआठला बर्फ पडू लागला. पावणेदहाला माझ्या डोक्यावर आणि खांद्यांवर बोटभर बर्फ साचला, तरी मी तो झटकला नाही, तेव्हा आजोबांनी दुर्बीण खाली ठेवली आणि फोन उचलला.

इकडे मी वर्गात ऋण संख्या शिकवत होतो. मोठ्या बाई शेवटच्या बाकावर वही उघडून बसल्या होत्या. "तापमान उणे बारा आहे. ते आणखी चार अंशांनी उतरलं, तर किती?" मी विचारलं. सगळे गप्प. मी स्वतःच उत्तर दिलं. मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. ते "बघू"च असणार.

इतक्यात दार धाडकन उघडलं. फळा दाराला लागूनच, त्यामुळे मी उघडलेल्या दाराच्या मागे झाकला गेलो. ऑफिसातल्या क्लार्कबाई धापा टाकत थेट मोठ्या बाईंना म्हणाल्या, "चला लवकर! आपले गणिताचे सर बाल्कनीत उभ्या उभ्या गोठून गेले! समोरच्यांचा फोन होता. बंब निघालाय!"

घाईघाईत बोललेलं मला तिथे तीनात एक कळायचं. मला कळलं ते असं: "गणिताचे सर... बाल्कनीत... गेले." माझ्या डोळ्यांपुढे स्टाफरूममधला फोटो आला. त्या जाड भिवया आठवून मला गलबलून आलं. मी खडू ठेवला, दारामागून मान खाली घालून पुढे आलो आणि म्हणालो, "फार वाईट झालं. मुलांनो, उभे राहा. दोन मिनिटं शांत."

मुलं उभी राहिली. शांत ती होतीच. क्लार्कबाईंनी मला पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की मला वाटलं, यांचे आणि सरांचे फारच घरोब्याचे संबंध असणार.

"धीर धरा," मी म्हणालो. "वय काय होतं त्यांचं?"

"चोवीस," मोठ्या बाई माझ्याकडे टक लावून म्हणाल्या.

"चोवीस? फोटोत बरेच थोराड दिसतात."

"सर," त्या एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "हा फोन तुमच्याबद्दल आहे. तुमच्या बाल्कनीत, तुमच्या कपड्यांत, कोण उभं आहे?"

माझ्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. दिव्याचा डोम, टोपी, स्वेटर, खाली बूट. "बाई," मी म्हणालो, "ती माझी पँट आहे."

आणि वर्ग फुटला. तीन महिने दाबून ठेवलेलं हसू एकदम बाहेर आलं. पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी, जिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, बाकावर डोकं ठेवून हसत होती. खिडकीजवळचे दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले होते. मीही हसणार, तेवढ्यात क्लार्कबाई म्हणाल्या, "अहो, पण तुमच्या घरमालकीणबाई दहाच्या बसने यायच्यात ना?"

माझं हसू जागच्या जागी थिजलं. आजींच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन सहा महिनेही झाले नव्हते. जिना चढतानासुद्धा त्या मधल्या पायरीवर थांबायच्या. त्या बसमधून उतरून दारात बंब आणि स्ट्रेचर बघणार होत्या. घड्याळात दहाला पाच कमी होते आणि आजी फोन कायम घरी ठेवून जायच्या. ("हरवतो गं बाई," असं काहीसं त्यांचं म्हणणं.)

मोठ्या बाईंच्या गाडीच्या काचेवर बर्फाचा थर होता. तो खरवडायला वेळ नव्हता. आम्ही पळत सुटलो. कोटाच्या घोळात पाय अडकून मी दोनदा पडलो. पंचावन्न वर्षांच्या मोठ्या बाईंनी दोन्ही वेळा मला कॉलरला धरून उभं केलं आणि पुढे निघाल्या. मी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. आजींना काही झालं तर, एवढंच डोक्यात होतं. घर सोडून इतक्या लांब आलो, कोणाला काही शिकवता आलं नाही, आणि एका पँटपायी एका म्हातारीचा जीव घेऊन परत जायचं?

कोपऱ्यावर वळलो. बस येऊन गेली होती. बंब उभा होता, शिडी वर लागली होती, रस्त्यावर पंधरावीस माणसं टोप्या काढून उभी होती. आणि दारातल्या पायरीवर, पिशवी मांडीवर घेऊन, आजी बसल्या होत्या. त्या रडत होत्या. शेजारच्या बाईंना सांगत होत्या, "मीच त्याला खोलीत काही करू देत नव्हते. हे नको, ते नको. रोज फोनवर त्याची आई मला नमस्कार सांगायची. तिला आता मी काय सांगू?"

मी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसलो आणि मफलर काढला. "काही सांगू नका, आजी. मी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग नर्सच त्या, माझं मनगट धरून नाडी बघितली. चांगली मिनिटभर, ओठ हलवत मोजली. मोजणी पुरी झाल्यावर त्यांनी मला एक सणसणीत थप्पड मारली आणि दुसऱ्याच क्षणी छातीशी इतकं घट्ट धरलं की त्यांच्या हृदयाचे ठोके मला स्वच्छ ऐकू आले. ठणठणीत चालू होते. माझा जीव भांड्यात पडला.

त्याच वेळी वरून शिडीवरचा जवान ओरडला, "खाली सांगा, माणूस आतून रिकामा आहे!"

तो जवान माझी पँट फळीसारखी काखोटीला मारून खाली उतरला. गर्दीने टोप्या परत घातल्या. "हे तुमचं?" त्याने विचारलं. मी "हो" म्हणालो. त्याने पँट भिंतीला टेकवून उभी केली. ती उभी राहिली. मुख्य जवानाने खिशातून फॉर्म काढून "वाचवलेल्या व्यक्ती" या रकान्यापुढे पेन धरलं, बराच विचार केला आणि फॉर्म परत खिशात घातला. रागावलं मात्र कोणीच नाही. "गेल्या वर्षी एका घरातून आम्ही खरा माणूस काढला होता," तो हळूच म्हणाला. "आजचं हे बरं."

आजींना गरम गरम काहीतरी पाजून, त्यांची रीतसर परवानगी काढून पँट खोलीतच हीटरसमोर ठेवली आणि आम्ही शाळेत परतलो. वर्गात पाय ठेवून पँट आता खोलीत हीटरसमोर आहे एवढं सांगतो तोच दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. तीन महिन्यांतला पहिला हात. मला वाटलं, पाणी प्यायला जायचं असेल.

"सर, पँट उणे बारावर होती. आता खोलीत अधिक वीसवर आहे. म्हणजे फरक बत्तीस ना? मग वजाबाकी करताना बेरीज कशी झाली?"

मी तो प्रश्न फळ्यावर लिहिला. मग दुसरा हात वर झाला. मग खिडकीजवळच्या दोघांचं भांडण जुंपलं, टोपीचं तापमान पँटएवढंच धरायचं की कमी. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना. मोठ्या बाईंनी वही मिटली. दारात त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यापर्यंत राहाल ना?" मी "बघू" म्हणालो नाही. घाईघाईने "हो" म्हणालो.

संध्याकाळी बिस्किटांचा पुडा घेऊन समोरच्या आजोबांचे आभार मानायला गेलो. शेवटी त्या माणसाने माझ्यासाठी धडपड केली होती. आजोबांनी दार उघडलं आणि मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं.

"बाल्कनीतला तो मीच," मी म्हणालो. "म्हणजे मी नव्हतो."

"कळलं मला," ते जरा हिरमुसून म्हणाले. त्यांनी पुडा घेतला, उघडला, एक बिस्किट मला दिलं. "बरं झालं, वाचलास. पण खरं सांगू? सकाळी तिथे काय ताठ उभा होतास! मी हिला हाक मारून म्हटलं, बघ गं, तीन महिन्यांत पोरगा निदान सरळ उभं राहायला तरी शिकला."