निष्पक्ष परीक्षक

एका जंगलात, बाळांनो, डॉक्टर कमी आणि समित्या फार होत्या. म्हातारं अस्वल तेवढं नाडी बघायचं. त्याच्या गुहेबाहेर कायम रांग.

एकदा डोंगरापलीकडून शिकून आलेला करकोचा तिथे उतरला. "मी फॅमिली डॉक्टर आहे," तो म्हणाला. हरिणीला हायसं वाटलं. तिचं पाडस तापाने फणफणलं होतं.

"थांबा!" वाघोबा महाराज गरजले. "परदेशी विद्या! आधी परीक्षा. आणि परीक्षकही ऐरागैरा चालणार नाही. तो इथेच मुरलेला हवा, आणि उमेदवाराशी त्याचा काडीचाही संबंध नको."

अस्वलाची नेमणूक झाली. येता येता त्याने सवयीने मधाच्या पोळ्यात तोंड घातलं. माश्यांनी घसा असा सुजवला की श्वासच अडकला. करकोच्याने पाला वाटून लावला, म्हणून बिचारं वाचलं.

"डॉक्टर उत्तम आहे," अस्वल घोगऱ्या आवाजात म्हणालं.

"तुम्ही बाद!" समितीचा कोल्हा म्हणाला. "आता तुम्ही त्याचे पेशंट. संबंध आला की!"

"अहो, माझं लेकरू जाईल हो!" हरिणी रडू लागली.

"ताई, एका लेकरासाठी नियम मोडायचे का?"

मग परीक्षकाच्या जागेसाठी गिधाडाने अर्ज केला. जन्म इथलाच. औषध कधी कुणाचं घेतलं नाही. अनुभव विचारला तर म्हणालं, "प्रत्येक पेशंटच्या शेवटी मीच तर असतो." समिती भारावून गेली.

गिधाड पाडसाच्या उशाशी बसलं. "सावकाश होऊ द्या. मला मुळीच घाई नाही."

करकोच्याने काढा पाजला. हरिणीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पाडस उठलं आणि आईला ढुशा देऊ लागलं.

गिधाडाचं तोंड उतरलं. त्याने शेरा दिला, "नापास. पेशंटला शेवटपर्यंत नेता आलं नाही."

करकोचा परत निघाला. हरिणीने पाडसाला पुढे घातलं आणि त्याच्या मागोमाग डोंगर ओलांडला. अस्वलाचा घसा अजून आवळायचा, तेही दाखवायला तिकडेच गेलं.

हिवाळ्यात महाराजांना ताप भरला. "अरे, कुणी आहे का?" ते कण्हत म्हणाले.

"आहे ना, महाराज," गिधाड उशाशी सरकलं. "मला मुळीच घाई नाही."

तात्पर्य: डॉक्टर काय, येतात नि जातात. शेवटपर्यंत साथ देतो तो परीक्षकच.