सासूबाईंसाठी कट्टा

या गोष्टीत मी ज्यांचे आभार मानणार आहे त्यांत एक कोसळलेली भिंतही आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की लेनर्ड क्लेगने फसवलं. (फसवायला डोकं लागतं, असं माझी बायको ऑड्री म्हणते. आमचा संसार तिच्या या विश्वासावरच टिकून आहे.)

सुरुवात अगदी साध्या विचाराने झाली. सासरे गेल्यावर ऑड्रीची आई, एडना, आमच्याकडे राहायला आली. जावई आणि सासू म्हणजे विळ्याभोपळ्याचं नातं, असं जग म्हणतं. आमच्याकडे मात्र ऑड्रीने माझ्यावर आवाज चढवला की सासूबाई माझी बाजू घेत आणि बिस्किटांचा डबा माझ्यापुढे सरकवत. मला त्या मनापासून आवडायच्या, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

जन्मभर त्या बर्नली गावच्या एका गल्लीत राहिल्या होत्या. घरापुढे विटांची बुटकी भिंत, तिच्यावर उशी टाकून बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायचं. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, या बातम्या पेपरात येत नाहीत. त्या भिंतीवर येत. आमच्या घरापुढे भिंत नव्हती, झुडपांचं उंच कुंपण होतं. त्यामागे बसलं की रस्त्यावरच्या माणसांच्या फक्त टोप्या दिसायच्या, आणि टोपीशी माणूस बोलणार तरी काय. सासूबाई दिवसेंदिवस गप्प होत चालल्या होत्या.

एक दिवस चहा घेताना त्या म्हणाल्या, "मी म्हणते, मोरकॅम्बला समुद्रावर तो वृद्धाश्रम आहे ना, तिथे जाऊन राहावं. उन्हाळा संपला की एक खोली रिकामी होतेय म्हणे."

ऑड्री म्हणाली, "तुला आवडणार असेल तर जा ना, आई."

मी म्हणालो, "तिकडची हवा चांगली असते."

मग तिघांनीही आपापल्या कपात बघत चहा संपवला. नंतर भांडी पुसताना ऑड्रीचे डोळे भरून आले. मी विचारलं, "थांब म्हणायचं का त्यांना?" तर म्हणाली, "तिला खरंच जायचं असलं तर? आपण अडवलं तर ती आपल्यासाठी मन मारून राहील. बरं दिसत नाही ते." मलाही ते पटलं. आमच्याकडे जे बरं दिसत नाही ते घर जळत असलं तरी करत नाहीत.

पण तोंडाने 'थांबा' म्हणता येत नसेल तर विटांनी म्हणावं, असं माझ्या डोक्यात आलं. कुंपण काढायचं, तिथे बसण्यापुरती बुटकी भिंत बांधायची, आणि सासूबाईंना त्यांचा कट्टा परत द्यायचा. ऑड्री म्हणाली, "गवंडी बोलाव." मी म्हणालो, "छे, आपल्या हाताने केलेल्याची गोडी वेगळी." (मी पालिकेच्या पार्किंग खात्यात कारकून आहे. आपल्या हाताने मी आजवर फक्त शिक्के मारले होते.) आणि मी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं: 'नवशिक्यांसाठी वीटकाम आणि ब्लॉककाम.'

पहिल्या संध्याकाळी मी खोली चुकलो. आत गेलो, सगळ्यांनी हसून स्वागत केलं, एका बाईंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, कुणीतरी ॲप्रन बांधला, आणि मग माझ्या लक्षात आलं की हा केकवर साखरेची फुलं करायचा वर्ग आहे. इतक्या अगत्याने ॲप्रन बांधल्यावर उठून कसं जाणार? मी शेवटपर्यंत बसलो. तीन गुलाब केले, त्यांतल्या एकाचं कौतुकही झालं.

पुढच्या आठवड्यात योग्य जागी पोचलो. शिकवायला ग्लेनिस नावाची वेल्सकडची धिप्पाड बाई होती. आवाज असा की भिंतीपलीकडचे सुतारकामवाले दचकत.

"तू लेनर्ड ना? पहिल्या दिवशी कुठे उलथला होतास?"

"थोडं काम निघालं." (साखरेचे गुलाब हे ओठांवर आलं होतं, पण गिळलं.)

"बरं. महत्त्वाचं सगळं तेव्हाच सांगून झालंय. कुणाला परत ऐकायचंय?"

सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. एवढ्या माणसांचा वेळ एकट्यासाठी खायचा, हे काही बरं दिसलं नसतं. मीही मान हलवली.

पण शिकवणं फर्मास होतं, आणि त्याबद्दल मी ग्लेनिसचा कायमचा ऋणी आहे. थापीने विटा जोडायचा माल कसा उचलावा, विटेच्या टोकाला कसा लावावा, दोरी ताणून थर कसा सरळ न्यावा, वरच्या विटेने खालचा सांधा कसा झाकावा. "सांध्यावर सांधा आला की भिंत म्हणजे नुसती चळत," ती ओरडायची. "लेनर्ड, तुझी वीट माझ्याकडे का बघतेय? तिला समोर बघू दे." मग थापीच्या मुठीने ठोकून ती वीट वळवायची. मोठे ब्लॉक उचलताना माझी कंबर धरली तेव्हा मला घरी सोडायलाही तीच आली. इतक्या प्रेमाने मला शाळेतही कुणी शिव्या दिल्या नव्हत्या.

वर्ग संपता संपता एक गंमत व्हायची. जो तो आपली भिंत पाडायचा. विटा हाताने सुटायच्या, खरवडून पुन्हा रचून ठेवायच्या, आणि खालचा माल टोपल्यात. ओली आहे तोवर भिंत सुटणारच, असं मी मनाशी म्हणालो. उरलेला माल बघून मात्र माझा जीव हळहळायचा. एकदा धीर करून विचारलं, "यातला थोडा घरी नेला तर चालेल?"

ग्लेनिस खूश झाली. "घरी सराव करणार? शाब्बास. ने की बादल्या भरून. बाकीच्यांनो, शिका जरा याच्याकडून."

सराव नाही, खरा कट्टा बांधतोय, हे सांगून तिचा आनंद घालवायचा कशाला? मी म्हणालो, "हो, तसंच काहीसं."

त्या मालाचं मी काय वर्णन करू. झाकण लावून गॅरेजमध्ये ठेवला, तर आठवडे लोटले तरी लोण्यासारखा मऊ. दुकानातला माल सकाळी कालवला की दुपारी दगड होतो म्हणे. मी ऑड्रीला सांगितलं, "कॉलेजचा माल आहे. टिकतो."

पुरेसा साठल्यावर मी कुंपण उपटलं, पाया खणला आणि कट्टा उभा केला. वर ठेवलेल्या लेव्हलच्या नळीतला बुडबुडा अगदी मधोमध. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. "काय करतोयस रे?"

"काही नाही, आई. फुलझाडांना जरा कड करतोय."

(बघा, इथेही सांगितलं नाही.)

दुसऱ्याच दिवशी पाऊस झाला आणि कट्ट्यातून दुधासारखं पांढरं पाणी फुटपाथवर वाहू लागलं. शेजारचे मिस्टर ग्रिमशॉ कुत्र्याला फिरवत होते. ते थांबले. वाकले. सांध्याला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"विटांचा रंग छान निवडलात," ते म्हणाले.

"धन्यवाद," मी म्हणालो. ते आणखी काही बोलतील असं वाटलं, पण ते कुत्र्याला घेऊन निघून गेले.

रविवारी जेवणं झाली, रोस्ट उत्तम झालं होतं, बाहेर ऊन होतं. मी कट्ट्यावर उशी टाकली आणि सासूबाईंना हात धरून बाहेर आणलं. त्या बघतच राहिल्या. मग बसल्या. मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. समोरून मिस्टर ग्रिमशॉ आले, तर सासूबाईंचा आवाज किती दिवसांनी मोकळा झाला.

"काय हो, त्या कुत्र्याला खायला घालता की नाही? या, बसा जरा."

ग्रिमशॉ घुटमळले. "नको, उभाच बरा आहे मी."

"बसा म्हणते ना. एवढी जागा आहे."

बाईमाणसाला दोनदा नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून ग्रिमशॉ बसले, पण इतके अलगद की खाली अंडी असावीत. गप्पा रंगल्या. कुणाकुणाची चौकशी झाली, दोन बायका फुटपाथवर थांबून सामील झाल्या, सासूबाई हसल्या. ऑड्री दारात उभी राहून बघत होती आणि माझ्याकडे अशी पाहत होती, जसं लग्नाच्या वर्षीसुद्धा पाहिलं नव्हतं. ऊर भरून आला. वाटलं, आपणही बसावं. मी बसलो.

आवाज फारसा झाला नाही. कट्टा नुसता खचला, माझ्या बाजूने सुरू झाला आणि वाटेत ग्रिमशॉंना घेत सासूबाईंपर्यंत गेला. ग्रिमशॉ फुटपाथवर, कुत्रा त्यांच्यावर, मी पाठीवर पाय वर करून, आणि सासूबाई उशीसकट लॅव्हेंडरच्या वाफ्यात टेकलेल्या. कपातला चहा सांडला नव्हता.

"सॉरी," सासूबाई म्हणाल्या. कट्ट्याला.

"चूक माझी, मी बसायला नको होतं," ग्रिमशॉ म्हणाले.

"छे छे, माझीच," मी पडल्या पडल्या म्हणालो. विटांवर मालाचा कण नव्हता, धुऊन ठेवल्यासारख्या स्वच्छ होत्या.

ग्रिमशॉ कपडे झटकत उठले. "खरं सांगू का? परवा मी त्या सांध्यात बोट घातलं तर पेरापर्यंत आत गेलं. नुसती वाळू आणि चुना. सिमेंट औषधालासुद्धा नाही."

"मग बोलला का नाहीत?" ऑड्री ओरडली.

"तुमचे मिस्टर इतक्या हौसेने बांधत होते. बरं दिसलं नसतं ते."

सासूबाई आधी हसल्या. खूप हसल्या, लॅव्हेंडरमध्ये बसून, कप हातात धरून. आणि मग हसता हसताच त्यांचे डोळे वाहायला लागले.

"आई, लागलं का कुठे?" ऑड्री धावली.

"नाही गं. मी तरी काय निराळं केलं? मला कुठे जायचंय मोरकॅम्बला? मला समुद्राचा वारा सोसतही नाही. वाटलं, मी तुमच्या घरात अडगळ होतेय, तुम्ही भिडेपोटी बोलत नाही. म्हणून आपणहून म्हटलं. तर तुम्ही लगेच म्हणालात, जा. हवा चांगली असते."

"आम्हाला वाटलं, तुलाच जायचंय. तुला अडवणं..." ऑड्री तिच्या शेजारी वाफ्यातच बसली.

मी अजून आडवाच होतो. माणूस त्या अवस्थेत असला की त्याला काय बरं दिसतं आणि काय नाही याची फिकीर राहत नाही. मी म्हणालो, "आई, जाऊ नका. हा कट्टा तुमच्यासाठीच होता. मला तुम्ही इथे हव्या आहात."

रस्त्यावर लोक उभे होते. आमच्या गल्लीत इतकं उघड कुणी कुणाला बोलल्याचं मला आठवत नाही. सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि मला उठवायला हात पुढे केला. "मग असं सांगायचं ना रे, बाबा," त्या म्हणाल्या, "विटा कशाला नासवल्यास?" मी त्यांचा हात सोडला नाही.

मोरकॅम्बला दुसऱ्याच दिवशी नकाराचा फोन गेला. आणि पुढच्या वर्गाला सासूबाई माझ्याबरोबर आल्या, म्हणाल्या, "याला एकट्याला पाठवणं धोक्याचं आहे." मी ग्लेनिसला सगळं सांगितलं, सगळं म्हणजे साखरेच्या गुलाबांसकट. ती एका उलट्या घमेल्यावर बसली आणि डोळे पुसेपर्यंत हसली.

"अरे, तो माल पाडण्यासाठीच असतो. घट्ट होऊ नये म्हणूनच त्यात सिमेंट घालत नाही. नाहीतर रोज नव्या विटा कुठून आणू? पहिलं वाक्य हेच होतं माझं, पहिल्या दिवसाचं."

एका शनिवारी ती स्वतः आमच्याकडे आली, सिमेंटची पोती घेऊन. ग्रिमशॉंनी वाळू चाळली, ऑड्रीने दोरी धरली, आणि थापी सासूबाईंच्या हातात होती. कडेला ग्लेनिस ओरडत होती, पण कौतुकाने. रस्त्याने जाणारा प्रत्येकजण थांबून काहीतरी बोलून जात होता, त्यामुळे काम दुपारच्या ऐवजी संध्याकाळी संपलं. त्या सगळ्यांचे, आणि त्या कोसळलेल्या भिंतीचेही, मी काय आभार मानू. मला सँडविचं आणण्याचं काम होतं, ते मी चोख केलं.

कट्टा देखणा झाला आहे. लोक विचारतात, "यात लेनर्डची वीट कोणती?" मग सासूबाई मोठ्या अभिमानाने सांगतात की घरचा जावई म्हणून पहिली वीट त्याच्याच हाताने बसवली, अगदी तळाला, पायाच्या थरात, आणि लगेच वरून माती लोटली. ती सरळ बसली आहे की तिरकी, यावर घरात मतभेद आहेत. खात्री करायची तर कट्टा उकरावा लागेल, आणि त्यावर सदान्‌कदा सासूबाई बसलेल्या असतात.