चावलेला नान

“बुवी, तुम्ही रोज आमच्या दुकानासमोरून तो पाकिटातला ब्रेड मिरवत नेता. आमच्या नानचं तुम्हाला एवढं वावडं का?”

हा प्रश्न मी रिसोलत बुवींना तोंडावर विचारायचा, अशी पैज माझ्या गावच्या मैत्रिणींनी फोनवरच्या ग्रुपमध्ये लावली होती. रिसोलत बुवी, म्हणजे रिसोलत आजी, समोरच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या. काळा कोट, हातात काठी, आणि चेहरा असा की बघून दुधानं आपणहून नासावं! त्यांना सलाम केला तर मान इतकीशी हलायची की ती त्यांनी हलवली की वाऱ्यानं हलली, हे सांगता यायचं नाही.

“विचारते! रविवारच्या आत विचारते!” मी ठोकून दिलं. हल्ली माझ्यात भलताच आत्मविश्वास आलाय. बोलायला कुणी नसलं की माणूस स्वतःशीच बोलायला लागतो, आणि मी स्वतःला फार लवकर पटते.

आम्ही वसंतात नमनगानजवळच्या गावातून इथे, ताश्कंदच्या कडेच्या या नव्या वस्तीत आलो. अदांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तळमजल्यावर एक छोटं दुकान घेतलं. मागच्या अंगणात तंदूर बांधला आणि गावाहून बरणीत आणलेल्या आंबवणावर पीठ मळायला सुरुवात केली. अदांचा नियम कडक. पीठ रात्रभर फुगलं पाहिजे, एका वेळी एक तंदूरभरच नान लावायचे, आणि ते संपल्याशिवाय पुढचे लावायचे नाहीत. नियम झकास होता. फक्त पहिलेच नान संपायचे नाहीत! मग आम्ही सकाळी चहात नान बुडवायचो, दुपारी सुपात बुडवायचो आणि रात्री त्याच्याकडे नुसते बघत बसायचो.

गावात अदा तंदूरचं झाकण उचलायचे आणि अर्धी गल्ली वासानं चालत यायची. इथे माणसं कानात यंत्रं खुपसून जायची. अदा दारात उभे राहून प्रत्येकाला सलाम करायचे. हात छातीवर, मान किंचित वाकलेली. समोरून काही आलं नाही की तोच हात वर नेऊन टोपी सारखी करायचे, जणू तो त्याचसाठी उचलला होता. इथल्या जिन्यात दोघं समोरासमोर आले तर असे बघतात की दोघांपैकी एक जण भिंतच आहे.

दुकानातल्या भिंतीवर एका खिळ्याला माझ्या भावाचा, अब्रोर अकाचा, नान टांगलेला होता. अका कोरियात कारखान्यात कामाला गेलाय. आमच्यात लांबच्या वाटेला निघालेला माणूस ताज्या नानचा एक घास चावतो आणि उरलेला नान घरचे टांगून ठेवतात. परत आल्यावर त्यानंच तो संपवायचा. मधेच तो दुसऱ्या कुणाच्या तोंडात जाता कामा नये. गेला तर काय होतं, हे कुणी मोठ्यानं बोलत नाही. ओयी, म्हणजे आई, रोज सकाळी त्या नानला बोट लावल्याशिवाय कामाला हात घालायची नाही.

आणि शेजारच्या खिळ्यावर होता माझा नान! कारण रविवारी मामा मला गावी न्यायला येणार होता. पुढची शाळा तिकडेच, मैत्रिणींबरोबर. इथे माझं मन रमत नाही हे ओयीनं ओळखलं होतं, आणि अदांनी मामाला फोन केला होता. मी उत्साहाच्या भरात आठवडाभर आधीच घास घेऊन टाकला. अकाचा घास कसा नेटका, चंद्रकोरीसारखा! माझा म्हणजे घोड्यानं खरबुजाला तोंड लावावं तसा. शिवाय लहानपणी गाढवावरून पडून माझ्या पुढच्या दाताचा टवका उडालाय, त्यामुळे घासाच्या बरोबर मधोमध एक सुळका.

“जायला एवढी घाई झालीय का गं?” ओयी तेव्हा एवढंच म्हणाली होती.

जाण्याआधी दुकान चालवून दाखवायचं, असं मी मनाशी पक्कं केलं. मी गेल्यावर अदा आणि ओयी दोघंच उरणार. निदान गिऱ्हाईक तरी असावं! योजना अगदी सोपी होती. शनिवारी शाळेच्या आधी समोरच्या इमारतीत प्रत्येक दाराच्या कडीला पांढऱ्या फडक्यात बांधलेला एकेक नान अडकवायचा. लोक दार उघडणार, वास घेणार आणि धावत सुटणार. अदांनी मान डोलावली. तसंही ते नान आम्हालाच खावे लागणार होते.

सकाळी मी भराभर नान फडक्यात बांधले. फळीवर आणखी बांधलेलं होतं, तेही उचललं. ओयीनं मदत केली म्हणायची, मनात आलं. त्यातला एक हाताला जरा कडक लागला. वाटलं, वा, काय खमंग भाजलाय!

दुपारी शाळेतून आले तर अदांनी दुकानाची भिंत रंगवलेली. शुभ्र, ओली, चकचकीत. आणि दोन्ही खिळे रिकामे.

तो कडक नान मला हातात पुन्हा जाणवला. रंगाचे डाग पडू नयेत म्हणून ओयीनं भिंतीवरचं काढून फडक्यात बांधून ठेवलं असणार, आणि मी, अकलेची खाण, अकाचं परत येणं कुणाच्या तरी कडीला अडकवून आले होते! माझ्या नानचं मला काही वाटलं नाही. माझं काय, मी बसनं जाऊन बसनं येणार. पण अका समुद्रापलीकडे होता.

ओयी आत पडली होती. ती उठून खिळ्याकडे बघायच्या आत नान परत आणायला हवा होता. तिला विचारावं असं एकदाही डोक्यात आलं नाही. आत्मविश्वास असला की माणूस विचारत नाही, हे मला आता कळलंय.

पहिल्या मजल्यावर एक्रोम अमाकी, म्हणजे एक्रोम काका. निवृत्त बसचालक, अंगात बनियन, आणि आमचा नान हातात, तोडायच्या अगदी बेतात.

“तोडू नका!” मी ओरडले.

“का? काय आहे यात?”

“काही नाही हो अमाकी. फक्त एक नान चुकीचा गेलाय.”

“चुकीचा म्हणजे कसा?”

आता उष्टा नान तुमच्या दारी टांगला असं कोणत्या तोंडानं सांगणार? मी म्हणाले, “ते मला सांगता येणार नाही,” आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाले.

एवढं पुरलं! मी दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत अमाकींनी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं की नानमध्ये काहीतरी आहे आणि पोरगी सांगत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या सनम ओपांनी, म्हणजे सनमताईंनी, दार उघडलं तेव्हा त्या ‘काहीतरी’ची सुई झाली होती. त्यांच्या जुळ्यांनी अर्धा नान आधीच फस्त केला होता, आणि ओपा त्यांना तोंडं उघडायला लावून मोबाइलच्या उजेडात आत बघत होत्या. चौथ्या मजल्यावर सुईचा उंदीर झाला. जी माणसं महिनोन्‌महिने एकमेकांशी बोलली नव्हती, ती जिन्यात उभी राहून उंदराच्या आकारावर वाद घालत होती! आणि मी प्रत्येकाच्या हातातला नान उलटसुलट करून बघत होते. कुठेच चावलेला नव्हता.

नान काही कचऱ्यात टाकता येत नाही, आणि उंदराचा म्हटल्यावर घरातही ठेववत नाही. मग सगळी इमारत आमच्या दुकानाकडे निघाली. प्रत्येकानं नान दोन्ही हातांत छातीशी धरलेला.

अदांनी ती रांग बघितली. मी जिन्याच्या खिडकीतून त्यांना बघत होते. त्यांनी घाईघाईनं हात पुसले आणि टोपी बदलली, नवी, भरतकामाची घातली. “उठ, आले!” त्यांनी आत हाक मारली. “लोक आले!”

त्या क्षणी मला वाटलं, आपण तंदूरमध्ये उडी घ्यावी आणि वरून झाकण लावून घ्यावं.

पहिला नान फळीवर ठेवला गेला. दुसरा, तिसरा. अदांना काही कळेना. पण दारात माणसं आली की काय करायचं, तेवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एक नान उचलला, तोडला, तुकडा आपल्या तोंडात टाकला आणि बाकीचे तुकडे पुढे धरले. “घ्या.”

आता झाली का पंचाईत! पुढे केलेला तुकडा नाकारायचा, हे आमच्यात कुणाला जमत नाही. अमाकींनी उंदराचं नाव घेऊन डोळे मिटले आणि तुकडा चावला. मग डोळे उघडले. मग स्वतः परत आणलेला नान त्यांनी फळीवरून हळूच काखेत घेतला. सनम ओपा म्हणाल्या, सुई असती तर एव्हाना टोचलीच असती, आणि उद्याचे नान किती वाजता निघतात? जुळी तर तंदूरपाशीच जाऊन बसली.

हे सगळं उत्तमच चाललं होतं. पण अकाचा नान त्यात नव्हता. एकच माणूस खाली उतरलं नव्हतं.

मी पाचव्या मजल्यावर गेले. रिसोलत बुवींनी दार उघडलं आणि काही न विचारता बाजूला झाल्या. खोली नीटनेटकी, टेबलावर चहाची किटली, दोन पेले. आणि समोरच्या भिंतीवर, नव्याकोऱ्या खिळ्याला, चावलेला नान!

“सकाळी दाराला होता,” बुवी म्हणाल्या. “कुणाचा ते माहीत नाही. म्हटलं, कुणीतरी निघालंय आणि त्याला वाट बघणारं माणूस हवंय. खालच्या एक्रोमकडून हातोडी मागून आणली. बऱ्याच वर्षांनी त्याच्याशी बोलले.”

मी जवळ गेले. आणि बघतच राहिले. घास घोड्याचा होता! मधोमध सुळका!

“बुवी, हा माझा आहे.”

“तुझा?” त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. “मग आलीस का परत?”

माझ्या तोंडातून तो पैजेचाच प्रश्न निघाला, तोही घसरत, अर्धवट. “बुवी, तुम्ही आमचा नान का नाही घेत?”

त्या रागावल्या नाहीत. किटली उचलून दोन्ही पेल्यांत चहा ओतला.

“नान अख्खा असतो, पोरी. तो तोडायला समोर कुणीतरी लागतं. पाकिटातल्या ब्रेडची आधीच एकेक चकती केलेली असते. एक घ्यायची, बाकी बांधून ठेवायचं.”

मी खिळ्यावरचा नान काढला. आठवड्याचा वाळलेला, विटेसारखा! दोघींनी मिळून गुडघ्यावर आपटून तो तोडला आणि चहात बुडवून बुडवून खाल्ला. बुवींना दात कमी, मला टवका उडालेला. फार वेळ लागला. मधेच त्यांनी विचारलं, तुझे अदा पीठ मऊ मळतात की घट्ट? आणि उत्तर ऐकून म्हणाल्या, चूक.

जिना उतरताना मी ग्रुपवर लिहिलं, “विचारला!! उत्तर ऐकाल तर रडाल.”

बऱ्याच वेळानं एकीचं आलं, “कोणता प्रश्न?”

मी फोन खिशात टाकला आणि उरलेला जिना उतरले.

खाली दुकान रिकामं होतं. चांगल्या अर्थानं! फळीवर एकही नान नव्हता, आणि अदा दुसऱ्या खेपेचं पीठ थापत होते. ओयीनं उशांच्या कपाटातून एक फडकं काढलं, उलगडलं आणि अब्रोर अकाचा नान परत खिळ्याला लावला.

“हा तुझ्याकडेच होता?” मी विचारलं.

“मग? तो काय फळीवर टाकून ठेवीन?” ओयी म्हणाली. “तुझा ठेवला होता फळीवर. तू अजून गेलीच कुठेस, म्हणून. तो सापडत नाहीये मात्र.”

म्हणजे सुई, उंदीर, पाच मजले, सगळं फुकट! मी पुढचं-मागचं सगळं गिळलं आणि दुकानाच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

“अदा, ओयी, ऐका. मामाला फोन करा. रविवारी येऊ नको म्हणावं. माझा नान मी खाल्ला. मी परत आलेय.”

अदांचे हात पिठात थांबले. “कुठून?”

“समोरून,” मी म्हणाले. “पाचव्या मजल्यावरून.”