टावेल-टोपीची सीडी

अख्ख्या मस्तगडात कॉम्प्युटरमधला जाणकार एकच, तो म्हणजे मी! तसा मी बियाण्याच्या दुकानात बिलं काढतो. पण ती कॉम्प्युटरवर काढतो, आणि माझ्या घरीही एक जुना कॉम्प्युटर आहे. आमचा टीव्ही दुरुस्तीवाला दोस्त फकरोद्दीन यानं चार मेलेल्या मशिनी जोडून तो जिवंत केलाय. सुरू झाला की अशी घरघर करतो की शेजारच्या तुळजाबाई गिरणी लागली समजून दळणाचा डबा घेऊन येतात.

तीन वर्षांनी येणारा अधिक महिना लागला. लेक छाया आणि जावई धर्मराज यांना धोंड्याच्या जेवणाला बोलावताना मी छातीठोकपणे सांगितलं, "जावईबापू, लग्नाची सीडी देणार! घरी बनवलेली!"

यामागं राजकारण होतं. आमच्या जाफराबादच्या विहीणबाई, गोजरबाई, लग्नापासून रुसल्या होत्या. का? तर आहेराच्या वेळी त्यांच्या भावाला, कारभारीमामांना, टावेल-टोपी केलीच नाही म्हणे! त्या रागात त्यांनी वर्षभर छायाला एक रात्रसुद्धा माहेरी राहू दिलं नव्हतं. सकाळच्या यष्टीनं यायचं, संध्याकाळच्या यष्टीनं परत. माझी बायको नंदा दर वेळी स्टँडवरून डोळे पुसत यायची. सीडी पाहून विहीणबाई पाघळल्या तर लेक चार दिवस राहील, एवढीच तिची आशा.

लग्नाची व्हिडिओ कॅसेट तीन तासांची. ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून सीडीत मावेल अशी करायला घेतली, तर पडद्यावर आकडा आला: बाकी वेळ, चाळीस तास! जेवण परवा! शिवाय लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून हरी ओम!

फकरोद्दीन इन्व्हर्टर घेऊन धावत आला.

"काकासाहेब, पडद्यावर हे जे हालते फोटो दिसून राह्यले ना, तेच्यातच मशीनचा दम चाललाय. ते दाखवणं बिलकुल बंद करा. मंग पाहा कसं जल्दी होतं!"

मी चित्र बंद केलं. पण मी त्याच्याही पुढचा! कॉम्प्युटरचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. घरात टेबलफॅन एकच. नंदा पदरानं वारा घेत म्हणाली, "अहो, माणसांपेक्षा त्याचेच लाड जास्त झाले!"

मग सुचली खरी युक्ती. लग्नातला आहेराचा तासभर भाग उडवून टाकायचा! काम कमी, आणि विहीणबाईंच्या जखमेवर मीठही नको. आहेर कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो, तिथं खुणा केल्या आणि बटण दाबलं. आकडा धाडकन तेरा तासांवर!

"पाहिलंस, नंदा? टेबलफॅनची करामत!"

ठरल्या दिवशी धोंडे खाऊन सगळे तृप्त झाले. लेक-जावयासोबत आलेल्या विहीणबाई तेवढ्या गाल फुगवून खुर्चीत बसल्या. मी सीडी लावली.

"बदनापूरचे कडूबा पाटील!" टीव्हीतला लाऊडस्पीकर ओरडला. कडूबांना टावेल, टोपी. मग कचरूभाऊंना टावेल, टोपी. मी सीडी पुढं पळवली. टोप्याच टोप्या! तेव्हा कुठं उलगडा झाला. खुणा केलेला भाग तो प्रोग्राम काढत नव्हता, तेवढाच ठेवत होता! लग्न उडालं होतं आणि आहेर शिल्लक! चित्र बंद, त्यामुळं मला पत्ताच नाही.

मी टीव्ही बंद करायला उठलो.

"राहू द्या, इवाई!" गोजरबाई कडाडल्या. "पाहू तर द्या कोणाला केलं, अन् कोणाला न्हाई केलं!"

नंदा माझ्याकडं अशी पाहत होती की मी निमूट खाली बसलो. लाईट जावी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला हात जोडले. गेली नाही!

"जाफराबादचे कारभारीमामा!"

मामा लाजत पुढं आले. खांद्यावर टावेल पडला, डोक्यावर टोपी चढली. टोपी ढगळ, ती थेट कानांवर आली. तेवढ्यात हिरव्या लुगड्यातली एक बाई हसत पुढं आली आणि तिनं ती सरळ करून दिली.



"माय," धर्मराज हळूच म्हणाला, "ती तूच ना?"

"मीच की रे! अगं बाई, धांदलीत पार इसरून गेल्ते!" आणि गोजरबाईंना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नंदाचा हात धरला. "उगीच वर्षभर पोरीला आडवून धरलं बघा. आता ऱ्हाऊ द्या तिला महिनाभर!"

नंदा रडायलाच लागली.  चुकलेल्या खुणांना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

मग आहेर पुन्हा पहिल्यापासून लावला. गोजरबाईंनी जाताना सीडी घेतलीच, वर कारभारीमामांसाठी आणखी एक मागितली. आठवडाभरात निम्म्या जाफराबादचा निरोप आला: टावेल-टोपीची सीडी पाठवा! लग्नाची सीडी एकानंही मागितली नाही.

मागितली ती फक्त छायानं.

"बाबा, समद्यांच्या टोप्या झाल्या. माझं लग्न कवा लागतंय?"

"आत्ता लावतो, बाळा!" मी झाकण काढलं, टेबलफॅन फिरवला, खुणा दोनदा तपासल्या आणि बटण दाबलं. फकरोद्दीन इन्व्हर्टर परत घेऊन गेलाय, हे लाईट गेल्यावर आठवलं.

"होईल गं," मी अंधारातून म्हणालो, "पुढच्या धोंड्यापर्यंत नक्की!"